तबकडीवरचा आवाज संगणकात उतरवताना

टर्नटेबलची सुई ज्या छोट्या डबीत बसवलेली असते ती कार्ट्रिज. ती सुईच्या थरथरीचा विद्युत संकेत बनवते आणि हा संकेत अगदी क्षीण असतो. नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुईबरोबर चुंबक हलतो) साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट मिळतात, मूव्हिंग कॉइलमधून (सुईबरोबर तारेचे वेटोळे हलते) तर जेमतेम ०.२ ते ०.५. संगणकाच्या लाइन इनपुटला मात्र काहीशे मिलिव्होल्टपासून २ व्होल्टपर्यंतचा संकेत हवा असतो. एवढाच फरक असता तर आवाज वाढवून भागले असते. पण तबकडी कापतानाच खर्जाचे सूर मुद्दाम दाबलेले आणि उंच सूर मुद्दाम उठवलेले असतात. खर्ज आहे तसा कापला तर खाचेला फार रुंद वळणे घ्यावी लागतात, शेजारच्या खाचा एकमेकींत घुसतात आणि एका बाजूवर थोडेच संगीत मावते. उंच सूर उठवून कापले की वाजवताना ते पुन्हा खाली आणता येतात आणि त्यांच्याबरोबर पृष्ठभागाची खरखरही खाली येते. या चढउताराचे माप १९५४ मध्ये आरआयएए (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) या नावाने ठरले. वाजवताना १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झ सुमारे १९ डेसिबलने वर यायला हवा आणि २० किलोहर्ट्झ सुमारे २० डेसिबलने खाली.

संकेत मोठा करणे आणि हा चढउतार उलटा फिरवणे ही दोन्ही कामे फोनो प्रीअँप करतो. मूव्हिंग मॅग्नेटसाठी तो सुमारे ४० डेसिबलची वाढ देतो, मूव्हिंग कॉइलसाठी सुमारे ६०. सगळ्या जोडणीत असा प्रीअँप एकच असला पाहिजे. एकही नसेल तर आवाज पातळ, चिरका आणि खूप हळू येतो. दोन लागले तर गच्च, दबका आणि फाटलेला येतो. जोडणीतल्या निम्म्याअधिक तक्रारींचे मूळ इथेच सापडते.

तुमच्या टर्नटेबलमध्ये प्रीअँप आहे का, हे मागची बाजू पाहून कळते. ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असे लिहिलेला छोटा स्विच असेल तर प्रीअँप आत आहे. ‘लाइन’वर ठेवून सरळ लाइन इनपुटला जोडा. यूएसबीचे तोंड असेल तर प्रीअँपबरोबर डिजिटल रूपांतरही आतच होते आणि एका वायरीत काम भागते. मात्र त्यातला रूपांतरक बहुधा १६ बिटचा असतो आणि पातळी कमीजास्त करायची सोय अनेकदा नसते. स्विच नाही, यूएसबी नाही, नुसत्या लाल-पांढऱ्या आरसीए वायरी आणि एक सुटी बारीक वायर असेल, तर प्रीअँप वेगळा लागेल. घरात फोनो इनपुट असलेला जुना अँप्लिफायर असेल तर त्याचाही उपयोग होतो. टर्नटेबल त्याच्या ‘फोनो’त लावा आणि ‘टेप आउट’ किंवा ‘रेक आउट’मधून संगणकाकडे न्या. या आउटपुटवर व्हॉल्यूमच्या बटणाचा परिणाम होत नाही, म्हणून पातळी स्थिर राहते. स्पीकरला जाणाऱ्या तारा मात्र संगणकाला कधीही जोडू नका. त्यांतला व्होल्टेज इनपुट जाळू शकतो.

पेटीसारख्या जुन्या प्लेअरमध्ये पुष्कळदा सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज असते. त्याचा संकेत मुळातच मोठा असतो आणि त्याला आरआयएए प्रीअँप लागत नाही. पण त्याला सुमारे १ मेगाओहमचा भार, म्हणजे पुढच्या इनपुटचा विद्युत रोध, हवा असतो. साध्या लाइन इनपुटचा भार त्यापेक्षा कितीतरी कमी असल्यामुळे खर्ज गळून जातो. अशा प्लेअरला हेडफोनचे किंवा लाइनचे तोंड असेल तर तेच वापरा, व्हॉल्यूम अगदी कमी ठेवून सुरुवात करा.

आता संगणकाची बाजू. डेस्कटॉपच्या मागे निळे भोक लाइन इनचे असते, गुलाबी भोक मायक्रोफोनचे. गुलाबीत लावू नका: ते बहुधा एकाच चॅनेलचे असते, संकेत फार वाढवते आणि मायक्रोफोनला चालवण्यासाठी त्यावर थोडा व्होल्टेजही सोडलेला असतो. लॅपटॉपवर एकच हेडसेटचे भोक असते, त्याचा मायक्रोफोनही एकाच चॅनेलचा. तेव्हा दोन लाइन इनपुट असलेला बाहेरचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घेणे उत्तम. संगणकाच्या आतल्या पंख्याचा आणि सर्किटचा गोंगाटही त्यामुळे टळतो. इंटरफेसवर ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘माइक’ची निवड असेल तर ती काढून ‘लाइन’ करा. इंटरफेसची तोंडे पाव इंची असतील तर डावा आणि उजवा असे दोन स्वतंत्र मोनो प्लग लागतात. दोन्ही आरसीए एका स्टिरिओ प्लगमध्ये आणून एकाच इनपुटमध्ये खोचले तर डाव्यातून उजवा वजा होतो. गायकाचा आवाज बहुतेक वेळा मधोमध असतो, तो त्यात जवळजवळ नाहीसा होतो.

प्रीअँप न घेता थेट माइक इनपुटमध्ये उतरवून आरआयएए नंतर सॉफ्टवेअरने लावावा, असाही एक मार्ग सांगितला जातो. गणित बरोबर आहे, अडचण भाराची आहे. मूव्हिंग मॅग्नेटला ४७ किलोओहमचा भार लागतो, माइक इनपुटचा भार काही किलोओहमच असतो आणि त्यामुळे उंच सूर दबतात. पहिल्यांदा करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

ती सुटी बारीक वायर अर्थिंगची. ती प्रीअँपच्या किंवा अँप्लिफायरच्या ‘जीएनडी’ स्क्रूखाली घट्ट आवळा. ती सुटी राहिली की संगीताच्या खाली सतत ‘घूं’ असा आवाज राहतो, तो घरातल्या विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झचा. वायर लावूनही घूं राहिली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. आवाज गेला तर अर्थिंगला दोन वाटा मिळून फेरा तयार झाला आहे. सगळी उपकरणे एकाच पॉवर स्ट्रिपवर घ्या किंवा मधे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. घूं एकाच बाजूला असेल तर आरसीए प्लग सैल आहे किंवा कार्ट्रिजच्या मागच्या चार बारीक तारांपैकी एक सुटली आहे. त्यांचे रंग ठरलेले आहेत: पांढरी डाव्याची धन, निळी डाव्याची ऋण, लाल उजव्याची धन, हिरवी उजव्याची ऋण. टर्नटेबल आणि प्रीअँपमधली वायर शक्य तितकी आखूड ठेवा. तिथला संकेत मिलिव्होल्टचा असतो, शेजारचा पॉवर अडॅप्टरसुद्धा त्यात घुसतो.

सुई आणि तिचे वजन

टर्नटेबल स्पिरिट लेव्हल लावून सपाट करा. मग टोनआर्मचे (कार्ट्रिज धरणाऱ्या दांडीचे) मागचे वजन फिरवून आर्म हवेत आडवा तरंगेल असे करा, वजनावरची आकड्यांची चकती शून्यावर आणा आणि नंतर वजनासह फिरवून कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात दिलेला भार, म्हणजे सुईचे तबकडीवर पडणारे वजन, द्या. मूव्हिंग मॅग्नेटसाठी तो बहुधा १.५ ते २.५ ग्रॅम असतो. अँटी-स्केट (आर्मची आत ओढली जाण्याची ओढ भरून काढणारी कळ) तेवढ्याच आकड्यावर ठेवून सुरुवात करा. भार कमी असेल तर तबकडी जपली जाते, हा समज घातक आहे. हलकी सुई खाचेच्या भिंतींवर आपटत जाते, जोरकस जागी आवाज फाटतो आणि खाचही कायमची दुखावते. दिलेल्या मर्यादेत वरच्या बाजूला राहणे बरे.

हिऱ्याच्या सुईचे आयुष्य साधारण ५०० ते १,००० तास. किती वाजली याचा हिशेब नसेल तर हे काम हाती घेण्याआधी सुई बदला. शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ थुंकल्यासारखे येऊ लागले की झीज किंवा चुकीची बसवणी, यांपैकी काहीतरी आहे. थोडा बिघाड मात्र तबकडीच्या रचनेतच असतो. १२ इंची तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरते तेव्हा बाहेरच्या कडेला खाच सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते, लेबलजवळ केवळ २१. तेवढ्याच अंतरात दुपटीहून जास्त वळणे कोंबलेली असतात, त्यामुळे आतली गाणी नेहमीच थोडी कमी स्वच्छ वाजतात.

वेग तपासायचा असेल तर स्ट्रोब चकती छापून घ्या. ५० हर्ट्झच्या विजेवर ३३⅓ साठी १८० रेघा, ६० हर्ट्झवर २१६. वीजप्रवाहाबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली त्या स्थिर दिसल्या पाहिजेत. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली ही चाचणी होत नाही.

स्पीकर बंद ठेवा आणि हेडफोनवर ऐका. स्पीकरचा आवाज तबकडीला हलवतो, ती थरथर सुई पुन्हा उचलते आणि रेकॉर्डिंगमध्ये खर्ज फुगतो. टर्नटेबल ज्या टेबलावर आहे त्यावर टायपिंगही नको.

धुणे

विनाइलसाठी ३ भाग डिस्टिल्ड पाणी आणि १ भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, त्यात लिटरमागे सुगंध व रंग नसलेल्या डिटर्जंटचे दोन-तीन थेंब. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवत धुवा, लेबल कोरडे ठेवा, नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून उभी करून पूर्ण वाळू द्या. नळाचे पाणी वापरू नका. त्यातले क्षार खाचेत साठून नवी टकटक तयार करतात. प्रत्येक बाजू वाजवण्याआधी कार्बन फायबरचा ब्रश दोन-तीन फेरे धरा, सुईवरची लव मागून पुढे पुसा. ओली तबकडी वाजवण्याचा प्रकार टाळा: खाचेतली घाण चिखल होऊन बसते आणि पुढे कोरडी वाजवली की अधिक खरखरते.

लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना अल्कोहोल बिलकुल लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यांना फक्त डिस्टिल्ड पाणी, थेंबभर डिटर्जंट आणि लगेच पुसणे.

उतरवणे

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरेसे आहे. ऑडिओ सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगचे उपकरण म्हणून तुमचा इंटरफेस निवडा, चॅनेल २ (स्टिरिओ) ठेवा. विंडोजवर होस्ट (ध्वनी आत घेण्याचा मार्ग) म्हणून वासापी (WASAPI) निवडा, एरवी २४ बिट मागितले तरी १६ च मिळू शकतात. विंडोजच्या ध्वनी-सेटिंगमधली आवाज ‘सुधारणारी’ सगळी एन्हान्समेंट बंद करा. ती बोलण्यासाठी केलेली असतात आणि संगीताची पातळी वरखाली करत राहतात. मीटर हलतच नसेल तर विंडोज आणि मॅक दोन्हींवर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये सॉफ्टवेअरला मायक्रोफोनची परवानगी दिली आहे का ते बघा. लाइन इनपुटही त्याच परवानगीत मोडते.

२४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ९६,००० नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटांत मोजलेला, ही आमची शिफारस. विनाइलच्या खरखरीपासून सर्वांत मोठ्या आवाजापर्यंतचे अंतर साधारण ६० ते ७० डेसिबल असते आणि १६ बिटमध्ये ९६ मावतात, त्यामुळे ऐकण्यापुरते १६ पुरतात. २४ चा फायदा वेगळा आहे: पातळी निर्धास्त खाली ठेवता येते. ९६ किलोहर्ट्झवर टकटकीचे टोक अणकुचीदार राहते आणि सॉफ्टवेअरला ते संगीतापासून वेगळे ओळखता येते. २४/९६ स्टिरिओला मिनिटाला सुमारे ३५ मेगाबाइट लागतात, म्हणजे २२ मिनिटांच्या बाजूला साधारण ७६० मेगाबाइट. ऑडॅसिटी आतून ३२ बिट वापरते, म्हणून काम चालू असताना बाजूमागे १ गिगाबाइट तरी मोकळा हवा.

पातळी ठरवायला तबकडीतली सर्वांत जोरकस जागा शोधा. उजेडात खाचेच्या वळणांची दाटी पाहून ती बऱ्याचदा डोळ्यांनाच कळते. ती वाजवून इंटरफेसची कळ अशी ठेवा की मीटरचे टोक −६ डेसिबलच्या वर जाणार नाही. टकटकीची टोके वर गेली तरी चालेल, संगीताची नकोत. शून्याला टेकलेला आवाज सपाट कापला जातो आणि तो परत मिळत नाही. लहर शून्याच्या खालीच सपाट कापलेली दिसत असेल तर संकेत इंटरफेसच्याही आधी, म्हणजे प्रीअँपमध्ये, फाटतो आहे. सॉफ्टवेअरची पट्टी खाली ओढून तिथे काही होणार नाही. डाव्या-उजव्या चॅनेलची लहर तंतोतंत सारखी दिसली आणि तबकडी स्टिरिओ असली, तर कुठेतरी मोनो इनपुट लागले आहे.

आधी रेकॉर्ड सुरू करा, मग सुई ठेवा. अख्खी बाजू एका दमात घ्या, शेवटच्या गाण्यानंतरची रिकामी खाचही दहाएक सेकंद येऊ द्या, तिचा पुढे उपयोग आहे. संगणकाचे झोपी जाणे, अपडेट आणि क्लाउडची जुळवणी बंद ठेवा. मधेच डिस्क अडली की काही नमुने गळतात आणि उडी ऐकू येते. पहिली तबकडी उतरली की ती पूर्ण ऐका. आवाज अडखळत असेल तर तीच बाजू पुन्हा उतरवा: त्याच ठिकाणी अडखळला तर दोष तबकडीचा, वेगळ्या ठिकाणी अडखळला तर संगणकाचा.

साफसफाई

मूळ रेकॉर्डिंग वेव्ह किंवा फ्लॅक (आवाज न गाळता फाइल लहान करणारे) स्वरूपात हात न लावता वेगळे ठेवा. पुढचे सगळे प्रतीवर.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी टकटक, मग खर्जाची गाळणी, मग गरज असेल तरच खरखर. खरखर आधी काढली तर प्रत्येक टकटक पसरट होते आणि नंतर ओळखू येत नाही. ऑडॅसिटीच्या क्लिक रिमूव्हलमध्ये थ्रेशोल्ड (टकटक ओळखण्याची मर्यादा) २०० आणि स्पाइक रुंदी २० पासून सुरू करा. थ्रेशोल्ड जितका कमी, तितके ते अधिक पकडते, आणि तालवाद्याचे ठोके व पितळी वाद्यांची धारही खाऊ लागते. आधी अर्ध्या मिनिटावर करून पाहा. मोठ्या एकट्या टकटकीसाठी लहर मोठी करून तेवढाच भाग निवडा आणि रिपेअर चालवा; त्यात एका वेळी १२८ नमुने घेता येतात, ९६ किलोहर्ट्झवर म्हणजे सुमारे १.३ मिलिसेकंद. वेळखाऊ आहे, पण कानाला सर्वांत स्वच्छ निकाल यातूनच मिळतो.

वाकलेल्या तबकडीचे डोलणे आणि मोटरची घरघर यासाठी २० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे सूर गाळणारा) पुरतो. खरखरीचा नमुना त्याच बाजूच्या रिकाम्या खाचेतून २-३ सेकंद घ्या आणि ६ डेसिबलपेक्षा जास्त काढू नका. १२ च्या पुढे गेलात की गाणे पाण्याखालून आल्यासारखे होते आणि सुरांच्या शेवटी बारीक किणकिण उरते. थोडी खरखर राहिलेली बरी. कान ती पाच मिनिटांत विसरतो, किणकिण विसरत नाही.

तबकडी मोनो असेल तर दोन्ही चॅनेल मिसळून एक करा. मोनोचे संगीत खाचेच्या आडव्या हालचालीत असते, उभ्या हालचालीत फक्त घाण आणि घरघर. मिसळताच ती परस्परांत वजा होते. मात्र खाचेची एकच भिंत झिजलेली असेल तर मिसळू नका, चांगला चॅनेल तेवढा ठेवा.

७८ फेऱ्यांच्या तबकड्या

इथे सुई वेगळी लागते, यावर तडजोड नाही. एलपीची (३३⅓ फेऱ्यांच्या विनाइल तबकडीची) सुई टोकाशी सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येची असते, ७८ साठी सुमारे ७६ मायक्रॉन. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी उतरते, जिथे नुसता भुगा आणि खरखर असते. उलट जाड सुई एलपीवर ठेवली तर एलपीच खराब होते. भारही जास्त, साधारण ३ ते ५ ग्रॅम.

टर्नटेबलला ७८ चा वेग नसेल तर ४५ वर वाजवून सॉफ्टवेअरमध्ये वेग ७३.३३ टक्क्यांनी वाढवता येतो. त्यात एक खोच आहे: प्रीअँपने आरआयएए मंद वेगावर लावलेला असतो, म्हणून वेग वाढवल्यावर तो चुकीच्या सुरांवर जाऊन बसतो. आधी ऑडॅसिटीच्या फिल्टर कर्व्हमधला आरआयएए उलटा करून लावा, मग वेग वाढवा, मग तबकडीला शोभेल तो नवा कर्व्ह, म्हणजे चढउतार, द्या. ७८ च्या काळात प्रत्येक कंपनीचा चढउतार वेगळा असे, आणि १९२५ पूर्वीच्या भोंग्यातून थेट मुद्रित केलेल्या तबकड्यांना तसा कर्व्हच नाही. स्वरही कानाने पडताळा, कारण ‘७८’ लिहिलेल्या कित्येक जुन्या तबकड्या प्रत्यक्षात त्या वेगाने मुद्रित झालेल्या नाहीत.

तोडणे आणि साठवणे

गाण्यांच्या सुरुवातीला कंट्रोल आणि बी दाबून लेबल लावा, नाव तिथेच लिहा. लेबले आपोआप लावण्याची सोय आहे, पण हळुवार आलापाला ती शांतता समजते आणि गाणे मधेच तोडते. हाताने लावलेलीच भरवशाची. सलग वाजणाऱ्या बाजूत तोडण्याच्या जागी फेड (आवाज हळूहळू विरवणे) देऊ नका. आवाजाची पातळी वाढवायची तर दोन्ही बाजू एकत्र ठेवून एकदाच −१ डेसिबलला नॉर्मलाइज करा (म्हणजे सर्वांत मोठे टोक तिथवर नेऊन सगळा आवाज तेवढ्याच प्रमाणात वाढवा), चॅनेल स्वतंत्र धरण्याची खूण काढून. गाणी एकेक करून वाढवली तर कलाकाराने हळू ठेवलेले गाणे शेजारच्या जोरकस गाण्याइतके होऊन बसते.

साठवणीसाठी फ्लॅक, त्यात काहीच गळत नाही आणि जागा वेव्हच्या जवळपास निम्मी लागते. मोबाइलसाठी हवी तर त्याच फ्लॅकपासून एमपीथ्री करा. फाइलच्या नावात बाजू आणि क्रम ठेवा, टॅगमध्ये तबकडीचा कॅटलॉग क्रमांक आणि लेबलजवळच्या मोकळ्या जागेत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांकही लिहा. एकाच तबकडीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या त्यावरूनच ओळखता येतात. कव्हरचा आणि लेबलचा फोटो त्याच फोल्डरमध्ये, आणि पूर्ण फोल्डरची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर. ती दुसरी प्रत उघडून, प्रत्येक गाण्याची सुरुवात आणि शेवट ऐकून झाल्यावरच तबकडी पाकिटात घालून उभी ठेवा.